ऑटोमॅटिक गाडीचा मॅन्युअल मोड ऐकत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे तपासा

लिव्हर बाजूला सरकवला, प्लस दाबलं आणि काहीच झालं नाही. परत 'डी'मध्ये टाकली तर गाडी झकास चालते. ही तक्रार घेऊन गाड्या सतत येतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. दोष निघतो लिव्हरखालच्या एखाद्या चिमुकल्या स्विचमध्ये किंवा दमलेल्या बॅटरीत. कधीकधी तर दोषच नसतो. म्हणून आधी लक्षणं नीट ओळखा. आपलं नेमकं लक्षण कोणतं हे ठरलं की अर्धं काम झालं.

लक्षणं

- लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत नेला तरी क्लस्टरवर (स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या पॅनेलवर) 'डी'च दिसतो, 'एम' किंवा गिअरचा आकडा येतच नाही.
- 'एम' येतो, आकडा येतो, पण प्लस-मायनसला काही प्रतिसाद नाही.
- प्लस चालतं, मायनस नाही. किंवा उलट.
- लिव्हरने गिअर पडतो, पॅडलने (स्टिअरिंगमागच्या प्लस-मायनसच्या पट्टीने) पडत नाही.
- मायनस केलं की बीप वाजतो किंवा आकडा लुकलुकतो, गिअर मात्र तोच राहतो.
- आपण हात न लावता गिअर बदलतो, किंवा थोड्या वेळाने गाडी आपणहून 'डी'त जाते.
- सकाळी चालतं, दुपारी बंद, किंवा उलट. किंवा पावसात बंद, उन्हात चालू.
- गाडी एकाच गिअरमध्ये अडकलीय आणि डॅशबोर्डवर दिवा लागलाय.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट 'इथे थांबा' या भागावर जा. बाकीच्यांनी क्रमाने चला. क्रम फुकटच्या तपासणीपासून महागड्या तपासणीपर्यंत लावलाय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. मॅन्युअल मोडमध्ये गिअर तुम्ही टाकत नाही, तुम्ही फक्त मागणी करता. लिव्हरचा धक्का किंवा पॅडलची टिचकी म्हणजे एक विजेचा संदेश. तो गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे जातो. कॉम्प्युटर वेग, इंजिनचे फेरे, ऑइलचं तापमान बघतो आणि मग मागणी मान्य करतो किंवा फेटाळतो. म्हणजे प्रश्न तीनच: मागणी पोचली का? पोचून फेटाळली गेली का? की मान्य होऊनही आतल्या यंत्राला ती पार पाडता आली नाही? घरच्या घरी सुटतात ते पहिले दोन. तिसरा निघाला तर तो तुमच्या हातचा नाही.

आधी बघा, दोष आहे तरी का

दिशा तपासा. बऱ्याच गाड्यांत लिव्हर पुढे ढकलला की वरचा गिअर पडतो. बीएमडब्ल्यू आणि माझदाच्या गाड्यांत उलटं: पुढे ढकललं की खालचा, मागे ओढलं की वरचा. गाडी नवीन घेतली असेल किंवा दुसऱ्याची चालवत असाल तर ही गफलत हमखास होते. ताशी ऐंशीच्या वेगाला वरच्या गिअरसाठी लिव्हर ढकलला, प्रत्यक्षात मागणी खालच्या गिअरची गेली, कॉम्प्युटरने ती फेटाळली, आणि आपण म्हणतो 'बिघडलं'. खाचेशेजारी प्लस-मायनस छापलेलं असतं, एकदा दिवसाउजेडी बघून घ्या.

मग 'एस' आणि 'एम' यांतला फरक. टोयोटाच्या अनेक गाड्यांत 'एस' लावून चार निवडलं तर गाडी चौथ्यातच राहील असं नाही. त्याचा अर्थ 'चारच्या वर जाऊ नको' एवढाच. एक ते चार यांत ती आपलं आपण खेळत राहते. क्लस्टरवर ४ आणि कानाला दुसऱ्या गिअरचा आवाज, हा तिथे बिघाड नाही. काही इतर कंपन्यांच्या गाड्यांत मात्र 'एस' म्हणजे नुसता स्पोर्ट मोड, गिअर थोडे उशिरा बदलणारा. मालकाची पुस्तिका उघडा. कंटाळवाणी असते, पण या एका प्रश्नाला तिच्याइतकं नेमकं उत्तर कुणाकडे नसतं.

आता फेटाळलेली मागणी. हिशेब सोपा आहे. समजा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५ आहे आणि दुसऱ्याचं २.५. तिसऱ्यात इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना दुसरा टाकला तर इंजिन ५,००० वर जाईल. चालतं. तेच ४,००० वर असताना मागितलं तर इंजिनला ६,६०० च्या पुढे जावं लागेल. लाल रेषा ६,५०० ला असेल तर कॉम्प्युटर नाही म्हणणारच, आणि ते बरंच आहे. बीप आणि लुकलुकणारा आकडा म्हणजे बहुतेक वेळा हेच. याची चाचणी अशी: मोकळ्या रस्त्यावर वेग कमी करून, इंजिन २,००० च्या आसपास असताना मायनस करा. गिअर निमूट पडला तर काही बिघडलेलं नाही. वरच्या गिअरचंही तसंच. वेग फार कमी असताना पाचवा मागितला तर तो मिळत नाही, कारण इंजिन बंद पडण्याइतकं खाली जाईल.

थंड गाडीचे नखरे वेगळे. ऑइल गरम होईपर्यंत कॉम्प्युटर सगळ्यात वरचा गिअर राखून ठेवतो, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागाचं) लॉक-अप, म्हणजे थेट पकड, लावत नाही, बदल सावकाश करतो. थंडीत सकाळी पहिले काही किलोमीटर वरचा गिअर मिळत नसेल आणि नंतर सगळं सुरळीत होत असेल तर त्याच्या मागे लागू नका.

आपोआप बदलणाऱ्या गिअरबद्दल: लाल रेषेला पोचल्यावर काही गाड्या स्वतःच वरचा गिअर टाकतात, काही तिथेच इंजिन अडवून धरतात. थांबताना बहुतेक गाड्या आपणहून खालच्या गिअरवर येतात. आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला की शेवटी एक हलकी 'टक' जाणवते. ती किकडाउनची पायरी. ती ओलांडली की मॅन्युअलमध्ये असतानाही गाडी खालचा गिअर टाकू शकते. ओव्हरटेक करताना 'आपोआप' गिअर पडतो, त्यातले बरेच किस्से इथेच संपतात.

आणि 'डी'त असताना पॅडल मारलं तर मिळणारा मॅन्युअल मोड तात्पुरता असतो. थोडा वेळ काही केलं नाही की गाडी परत स्वतःच्या मर्जीने चालायला लागते. कायमचा हवा असेल तर लिव्हर किंवा बटण वापरून 'एम' लावावा लागतो.

सीव्हीटी गाडी असेल तर हेही लक्षात घ्या की तिच्यात खरे गिअर नसतातच. पुली आणि पट्ट्यावर चालणारी ती यंत्रणा, 'एम'मध्ये काही ठरलेल्या जागांवर थांबते, एवढंच. झटका जाणवला नाही म्हणून गिअर पडला नाही असं समजू नका, फेऱ्यांचा काटा बघा. उलट एएमटीमध्ये आत साधा हाती गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तेवढं यंत्र करतं. तिथे गिअर बदलताना गाडी मान डोलावते, आणि ते चालायचंच.

बॅटरी आणि ब्रेकचा दिवा

हे दोन्ही गिअरबॉक्सपासून लांबचे वाटतात, म्हणून कुणी बघत नाही. मी मात्र प्रत्येक वेळी इथूनच सुरुवात करतो.

व्होल्टेज पडलं की सगळ्यात आधी कॉम्प्युटर आणि सेन्सर यांच्यातल्या संदेशांचा गोंधळ होतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ दिसायला हवेत. नव्या गाड्यांतलं चार्जिंग मध्येमध्ये मुद्दाम खाली येतं, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देऊ नका, हेडलाइट आणि एसी लावून परत बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती साफ करून, टर्मिनल घट्ट करून आठवडाभर चालवून पाहा. 'कधी चालतं, कधी नाही' या तक्रारींपैकी पुष्कळ तिथेच मिटतात.

ब्रेक पेडलवरचा स्विच फक्त मागचे दिवे लावत नाही. पाय ब्रेकवर आहे की नाही हे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरलाही तिथूनच कळतं. कुणाला तरी मागे उभं करा आणि पेडल हळूहळू दाबून सोडा. दिवे उशिरा लागत असतील, पाय काढल्यावरही राहत असतील, क्रूझ कंट्रोल लागत नसेल किंवा 'पी'मधून लिव्हर निघताना अडत असेल, तर आधी हा स्विच बदला. गिअरबॉक्सच्या कुठल्याही भागापेक्षा तो स्वस्त असतो.

फ्यूज बघायचाच असेल तर इथेच बघून घ्या. पुस्तिकेत गिअरबॉक्स आणि गिअर लिव्हर असे दोन वेगळे फ्यूज दिलेले असू शकतात. उडालेला फ्यूज एकदा बदला. परत उडाला तर तारेत शॉर्ट आहे, मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालण्याचा उद्योग करू नका.

लिव्हरची जागा

'एम' दिसतच नाही, किंवा एकच दिशा चालते, या दोन लक्षणांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. लिव्हर 'डी'त घ्या, मग मॅन्युअलच्या खाचेत न्या आणि प्लस-मायनस सावकाश करा. डोळे क्लस्टरवर, कान लिव्हरकडे. यांत्रिक स्विच असेल तर प्रत्येक धक्क्याला बारीक 'टिक' ऐकू येते. एका बाजूला टिक, दुसऱ्या बाजूला नुसतं दबल्यासारखं, म्हणजे स्विच सापडला. सोडल्यावर लिव्हर टुणकन मध्यावर यायला हवा. रेंगाळत येत असेल तर आत काहीतरी चिकटलंय.

आणि ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा साखर. कपहोल्डर लिव्हरच्या शेजारी असतो. सांडलेलं गोड पेय कव्हरच्या फटीतून आत झिरपतं, वाळतं, आणि मग स्विचच्या इवल्याशा दांड्याभोवती तपकिरी, काचेसारखा कडक थर बसतो. नखाने खरवडला तर टवका निघतो. उन्हात गाडी तापली की हा थर मऊ पडतो आणि स्विच चालतो, गार झाली की परत अडकतो. 'दुपारी चालतं, सकाळी नाही' याचं हे एक कारण. नाणी, क्लिपा, कागदाचे बोळे हेही त्याच खाचेत सापडतात.

वरचं कव्हर सहज निघत असेल तर ते काढून इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका. तो पहिले दोन दिवस चमत्कार दाखवतो आणि मग धूळ धरून ठेवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट याच मधल्या कन्सोलखाली बसवलेलं असतं. तिथे इग्निशन चालू ठेवून कनेक्टर ओढू नका, ठोकाठोक करू नका. कन्सोल पूर्ण उचलावा लागणार असं दिसलं की पाना खाली ठेवा.

लिव्हर चालवतानाच क्लस्टरवरचं अक्षर नीट बघा. लिव्हर 'डी'त असून अक्षर 'डी' आणि 'एन'च्या मध्ये अडखळतं का? गाडी 'एन'मध्ये सुरू होते पण 'पी'मध्ये होत नाही, असं कधी होतं का? तर मॅन्युअलचा स्विच बरा असण्याची शक्यता जास्त. गिअरबॉक्सवर बसवलेला पोझिशन सेन्सर किंवा तिथपर्यंत जाणारी केबल यांत गडबड आहे. केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश झिजलं की लिव्हर ढिला लागतो आणि प्रत्येक जागा किंचित सरकते. लिव्हर नक्की कुठे आहे याचीच खात्री नसेल तर कॉम्प्युटर मॅन्युअल मोड देत नाही. बुश स्वस्त असतं, पण ते बसवायला बऱ्याचदा गाडीखाली जावं लागतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. हे काम लिफ्टवर करून घ्या.

स्कॅनर

इथवर काही सापडलं नाही तर स्कॅनर लावा. मोबाइलला जोडायचे सर्वांत स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतात. तिथे पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, त्याला विचारा. त्याला विचारू शकणारा स्कॅनर हवा.

आपल्या कामाचे कोड थोडे आहेत. पी०८१५ वरच्या गिअरच्या स्विचचं सर्किट, पी०८१६ खालच्या गिअरच्या स्विचचं, पी०८२६ दोन्हीचं मिळून. पी०७०५ म्हणजे पोझिशन सेन्सर. हे चार बाहेरचे दोष आहेत, मागणी पोचतच नाही या जातीचे. पी०७१५ आणि पी०७२० हे गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वेगाच्या सेन्सरचे. त्यांच्या तारा आणि कनेक्टर आधी बघायचे. पी०७३० म्हणजे मागितलेला गिअर आणि प्रत्यक्ष गुणोत्तर जुळत नाही, आणि पी०२१८ म्हणजे गिअरबॉक्स तापलाय. यांतलं काही दिसलं की घरचं काम संपलं.

पण कोडपेक्षा जास्त उपयोगी आहे लाइव्ह डेटा, म्हणजे कॉम्प्युटरला त्या क्षणी काय दिसतंय ते, आणि तो बघायचा कंटाळा गॅरेजवालेही करतात. यादीत मॅन्युअल स्विच, अप स्विच, डाउन स्विच अशा ओळी शोधा. लिव्हर हलवा. ऑफचं ऑन झालं, प्रत्येक वेळी, न चुकता, तर मागणी पोचते आहे. लिव्हर, तारा, पॅडल सगळे सुटले, आता कॉम्प्युटर का नाकारतो ते शोधायचं. ऑन झालंच नाही तर स्विच किंवा तार. ऑन होऊन लगेच थरथरत ऑफ झालं तर सैल कनेक्टर, झिजलेला स्विच किंवा ओल. पावसात बंद पडणाऱ्या गाडीची ही ओळ ओल्या दिवशीच बघा, कोरड्या दिवशी सगळं छान दिसतं. दहा मिनिटांच्या या तपासणीने गिअरबॉक्स उघडायचा की नाही हे ठरतं.

एक विनंती. कोड खोडून किंवा बॅटरीची तार काढून 'रिसेट' मारू नका. त्याने दोष जात नाही, त्याची नोंद जाते. तो कोड आला तेव्हा वेग किती होता, तापमान किती होतं हा तपशील कॉम्प्युटरने जपून ठेवलेला असतो, तोही पुसला जातो. शिवाय गिअरबॉक्सने क्लचच्या झिजेनुसार शिकून घेतलेली मापं काही गाड्यांत विसरली जातात आणि गाडी नव्याने झटके देऊ लागते. आधी फोटो काढून ठेवा, मग पुढचं.

पॅडल

लिव्हरने गिअर पडतो आणि पॅडलने नाही, तर आधी स्टिअरिंगवरची बाकीची बटणं दाबून पाहा. हॉर्न, आवाजाची बटणं, क्रूझ. तीही मेली असतील आणि एअरबॅगचा दिवा लागला असेल तर स्टिअरिंगमागची गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटली आहे. फक्त एक पॅडल मेलं असेल तर त्या पॅडलचाच स्विच. दोन्हींसाठी स्टिअरिंगवरचा एअरबॅग काढावा लागतो, आणि तो घरी काढायचा नाही. व्हिडिओत सोपं दिसतं, तरी नाही. तोवर लिव्हर वापरा. पण एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर वेळ काढू नका, कारण अपघातात तो एअरबॅग उघडेलच याची खात्री उरलेली नसते.

ऑइल

मागणी पोचते, कॉम्प्युटर मान्य करतो, आकडाही बदलतो, पण गिअर उशिरा किंवा झटक्याने पडतो, अशा वेळी ऑइल. ज्या गाडीत डिपस्टिक आहे तिथे पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने, दिलेल्या तापमानाला बघा. ऑइल गरम झालं की फुगतं. थंड असताना पातळी कमी दिसते, माणूस वरून ओततो, मग जास्त झालेल्या ऑइलचा फेस होतो आणि दाब आणखी बिघडतो. करपल्याचा वास किंवा काळपट रंग दिसला तर नुसतं ऑइल बदलून भागेल असं धरून चालू नका.

डिपस्टिकच नसेल, आणि हल्ली बहुतेक गाड्यांत नसते, तर पातळी खालच्या बोल्टमधून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तापमान बघत मोजावी लागते. ते काम लिफ्ट असलेल्याचं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचं, सीव्हीटीचं आणि ड्युअल क्लचचं (दोन क्लच आलटून पालटून वापरणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइल वेगवेगळं असतं. 'सगळ्यात चालतं' असं म्हणून कुणी डबा पुढे केला तर नको म्हणा.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर स्वतः तपासणं बंद करा आणि जाणकार माणसाला बोलवा.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आहे. हा लिंप मोड. कॉम्प्युटरने गिअरबॉक्सला वाचवायला एकच गिअर धरून ठेवलाय. जवळ असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत न्या, लांब असेल तर ओढून न्या.

इंजिनचे फेरे चढतात पण वेग चढत नाही. आत क्लच घसरतोय. प्रत्येक किलोमीटरला झीज वाढते.

तापमानाचा इशारा किंवा करपट वास. सुरक्षित जागी थांबून 'पी' लावा, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गार होऊ द्या. कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच गाड्या चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरल्या की हे होतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर क्लच बघायला हवा.

गाडीखाली ऑइल. 'डी' किंवा 'आर' लावल्यावर धाडकन आवाज. चालत्या गाडीत गिअर सुटून न्यूट्रल होणं. यांतल्या कशालाही 'अजून आठवडाभर बघू' नको.

ओढून नेताना इंजिनची ताकद मिळणारी चाकं वर उचललेली हवीत, नाहीतर गाडी पूर्ण ट्रकवर चढवा. इंजिन बंद असताना आतला ऑइल पंप फिरत नाही, आणि चाकांबरोबर फिरणारे भाग कोरडे घासतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'गिअरबॉक्स खराब आहे' असं म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस गिअरबॉक्सच शोधायला लागतो. सांगा की मायनस चालत नाही, प्लस चालतं, फक्त गाडी थंड असताना, बॅटरी तपासली आहे, कोडचा फोटो हा. लाइव्ह डेटामध्ये स्विचची ओळ तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ती न बघताच कुणी व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधला ऑइलचा दाब वाटणारा भाग) किंवा अख्खा गिअरबॉक्स बदलायचा अंदाज दिला तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा. आणि भाग बदलल्यावर त्या गाडीला लागणारं ॲडॅप्टेशन, म्हणजे कॉम्प्युटरला नवी मापं शिकवणं, स्कॅनरने करून घेतलंय का ते विचारा, मग ऑइल पूर्ण गरम होईपर्यंत चालवून, सगळे गिअर वर-खाली करून बघा. गॅरेजच्या दारातली फेरी याला पुरत नाही.